एकवीस वाटे

सहा वर्षं मी गिरणीत बदली कामगार होतो. रोज पहाटे फाटकाशी जाऊन उभं राहायचं, आणि कुणी कायमचा माणूस तापानं पडला किंवा कुणाच्या घरी मयत झाली, की त्याच्या जागी आत जायचं. कुणी आजारी पडलं की मला बरं वाटायचं. सहा वर्षं असं बरं वाटून घेतलेला माणूस आतून कसा होतो, ते पुढं कळेलच.

भवानी पेठेत एका खोलीत आम्ही सातजण पाळीपाळीनं झोपत होतो. बाईमाणसाला तिथं आणायची सोय नव्हती. म्हणून बायको मुक्ताबाई आणि बाप कोंडीबा भीमेच्या काठी, आमच्या आवराळला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि आम्ही नवराबायकोनं एका छपराखाली काढलेले दिवस गोळा केले तर वर्षही भरलं नसतं. पर्मनंट झालो की वेगळी खोली घ्यायची आणि दोघांना सोलापूरला आणायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

आणखी एक सांगून टाकतो. खात्यात कुणी विचारलं तर मी स्वतःला शेतकरी म्हणवून घ्यायचो. आम्ही भोई. नदीत जाळं टाकायचं, मासे धरायचे, पावसाळ्यात माणसं पैलतीरी न्यायची. त्यात लाजण्यासारखं काय होतं, हे आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण अंगाला मासळीचा वास येतो असं कुणी म्हणेल, या भीतीनं मी दिवसातून दोनदा अंघोळ करायचो.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात आमच्या साचेखात्याच्या, म्हणजे मागांच्या खात्याच्या, मास्तरांनी, रावसाहेबांनी, मला टेबलाजवळ बोलावलं.

"मानसिंग, तू आवराळचा ना? भोई ना तू?"

आजूबाजूला माणसं होती. मी खाली मान घालून म्हणालो, "व्हय साहेब."

"मग आधी बोलला का नाहीस? आमच्या क्लबाचा डोह तुमच्याच गावात आहे."

ते मला ठाऊक होतं. शहरातल्या साहेबलोकांनी, डॉक्टर-वकिलांनी मिळून गळ टाकायचा क्लब काढला होता, आणि तीन वर्षांमागं आवराळचा डोह लिलावात घेतला होता. काठावर पाटी लागली होती. तेव्हापासून भोईगल्लीला डोहात जाळं टाकायची बंदी. रावसाहेब क्लबाचे सेक्रेटरी होते.

"रविवारी स्पर्धा आहे. सगळ्यांत वजनदार मासा धरेल त्याला कप. गिरणीचे मोठे साहेब स्वतः येणारेत. तू तीन दिवस आधी जा. बसायच्या जागा नीट कर, मांडव घाल, पाण्यात चारा टाकून मासे जागेवर लावून ठेव. तुझा बाप त्यातला जाणता आहे असं ऐकलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "रविवार चांगला पार पडला, तर पहिल्या तारखेला तुझ्या नावाचं बघतो मी."

मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी खुर्ची मागं घेतली.

गुरुवारी सकाळच्या एस्टीनं निघालो. क्लबानं दिलेलं चाऱ्याचं पोतं टपावर होतं. शेंगदाण्याची पेंड, भाजलेल्या डाळीचं पीठ, वर हिंग घातलेला. उतरवून घेताना कंडक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "कुणाचं लग्न हाय म्हनायचं?"

आवराळला नदी वाळून गेली होती. वाळूत पाय ठेवला की चटका बसायचा. पाणी उरलं होतं ते फक्त डोहात, काळं आणि खोल. डोहाच्या खालच्या अंगाला गुडघाभर पाण्याची एक चिंचोळी धार होती, तिच्यावर सगळी भोईगल्ली जगत होती. बोटाएवढी मासळी निघायची. आबा, म्हणजे माझा बाप, दारात बसून पागेराची, म्हणजे फेकायच्या जाळ्याची, फाटलेली कड सांधत होता. माझं बोलणं ऐकलं आणि त्यानं सुई खाली ठेवली.

"डोहावर? पाण्यात उतरू देत्यात?"

"चारा टाकाय पुरतं. जाळं न्हाय न्यायचं हां, आबा."

"न्हाय नेत की. जाळं कशाला?" आबा उठलासुद्धा. साठी उलटलेला माणूस, कंबरेतून वाकलेला. पण डोहाकडं निघाला तेव्हा मला त्याच्या मागं जवळजवळ पळावं लागलं.

तीन दिवस आम्ही तिघं राबलो. बाभळीच्या फांद्या तोडून वाट मोकळी केली. मुक्ताबाईनं डोक्यावरून वाळू आणून बारा ठिकाणी बसायच्या जागा सपाट केल्या. मी मेढी रोवल्या, वर आंब्याचा आणि करंजाचा पाला घातला. दुपारी दगड हाताला लागत नव्हता इतका तापायचा. माझे हात साच्यावर मऊ झाले होते, पहिल्याच दिवशी फोड आले. मुक्ताबाईनं ते पाहिलं आणि कुऱ्हाड माझ्या हातातून घेतली.

चाऱ्याचं काम आबाकडं. सकाळी ऊन वर यायच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरताना तो मांडीभर पाण्यात जायचा, पिठाचे गोळे हळूच सोडायचा, आणि तिथंच उभा राहायचा. पाण्याशी बोलायचा.

"हितं खडशी हाय, मानसिंगा. मोटी." साहेबलोक ज्याला महसीर म्हणतात त्याला आमच्यात खडशी म्हणतात. "त्या कपारीत बसलीया. मला काल पायाला लागून गेली. तीन वर्सं कुनी जाळं टाकलं न्हाय, लई वाडली."

"साहेबाच्या गळाला लागंल?"

"मी सांगतो तितं बसला तर लागंल."

शुक्रवारी भाकरी खायला आम्ही एका सपाट खडकावर बसलो. वाट्याचा खडक म्हणतात त्याला. मुक्ताबाई आमच्याच जातीतली, पण वैरागकडची, विहिरी-तळ्यांवरच्या भोयांतली. तिला आबा सांगू लागला.

"आमच्या डोहाची रीत निराळी, पोरी. हातभरापरीस मोटा मासा घावला की तो एका घरचा न्हाय. ज्यानं धरला त्यो कापत न्हाय. त्यो दोनी हातांवर घिऊन जानत्या मानसाच्या हातांवर ठिवतो. मग त्या मानसानं काठावरची डोकी मोजायची. वाटसरू असू दे, पल्याडचा धनगर असू दे, काठावर हाय त्याला वाटा. पानांवर वाटं मांडायचं. धरनारा पयला उचलनार. ज्यानं कापलं त्यानं समद्यांच्या मागनं, उरंल त्यो घ्यायचा."

"आन् वाटं लहानमोटं झालं तर?"

"म्हनून तर त्यो शेवटी," आबा हसला. "लहान त्याच्याच पदरात."

डोहावर बंदी यायच्या आधी वीस वर्षं आवराळच्या काठावर वाटे घालायचे ते कोंडीबानंच, असं होतं. भांडण लागलेल्या दोन घरांतसुद्धा त्याच्या वाट्यावरून कधी शब्द निघाला नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी भाकरी खात होतो आणि मनात म्हणत होतो, रविवारी हे असलं काही साहेबांपुढं बोलू नये म्हणजे मिळवली.

रविवारी उजाडताच दोन जिपा आणि एक मोटार आली. बारा साहेब, दोन ड्रायव्हर, एक आचारी, कप आणि मासा यांचा फोटो काढायला एक फोटोवाला. घडीच्या खुर्च्या, थर्मास, चक्रं लावलेल्या गळाच्या काठ्या. आबा लंगोटीवर उभा होता. मी त्याला बाजूला घेऊन माझा खाकी सदरा दिला.

"घाला ह्यो."

"पान्यात सदरा कशाला रं?"

"घाला म्हनतो न्हवं."

त्यानं घातला. खाली उघडे, काड्यांसारखे पाय आणि वर माझा गिरणीचा सदरा. एका डॉक्टरसाहेबानं बघून दुसऱ्याला कोपर मारलं. मला त्या डॉक्टरचा राग यायला हवा होता, तो आबाचा आला.

मोठे साहेब गोरे, जाडजूड, आणि बोलायला मोकळे होते. आबानं दाखवलेल्या जागेवर ते मुकाट्यानं बसले. नऊच्या सुमाराला त्यांची काठी वाकली. चक्र करकरत फिरलं. सगळे आपापले गळ सोडून धावले. अर्धा तास साहेब पुढं-मागं होत होते, शर्ट घामानं भिजून पाठीला चिकटला होता. मग दोरी एकाएकी जागच्या जागी थांबली.

"कपारीत गेली," आबा म्हणाला. "वडू नगा, तुटंल."

आणि कुणी काही म्हणायच्या आत सदऱ्यासकट पाण्यात गेला.

बराच वेळ वर आला नाही. मुक्ताबाई माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझं मनगट धरलं. मग पाणी हललं, आणि आबा दोन्ही हातांनी मासा छातीशी धरून वर आला. माझ्या कमरेला लागेल एवढी खडशी. खवलं रुपयाएवढी, उन्हात सोन्यासारखी चमकत होती. साहेब कपड्यांसकट पाण्यात शिरले, त्यांनी मासा आपल्या हातांवर घेतला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं एक फोटो घेतला. पण मासा जड होता, साहेब घसरले, सावरले, आणि हसत हसत त्यांनी तो पुन्हा आबाच्या दोन्ही हातांवर ठेवला.

"घ्या आजोबा. आता हा तुमच्याकडं."

आबा तसाच उभा राहिला. ओल्या तोंडावरून पाणी गळत होतं. त्यात डोळ्यांतलं किती होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी चहाकडं धावलो.

रावसाहेबांनी जाहीर केलं, जेवणाआधी सगळ्यांचे मासे एकदम तोलायचे. तोवर मासा सावलीला ठेवा. आबा त्याला खडकाकडं घेऊन गेला. अंगातला ओला सदरा काढून त्यानं माशावर पांघरला.

अकराच्या पुढं मी मांडवात कपबशा फिरवत होतो. मोठे साहेब खुर्चीत बसून पाय चोळत होते. रावसाहेब त्यांना म्हणाले, "सर, ही सगळी व्यवस्था या पोराची. आपल्याच साचेखात्यात बदली आहे. सहा वर्षं झाली."

साहेब माझ्याकडं वळले. "सहा वर्षं? नाव काय तुझं?"

ज्या घटकेसाठी मी सहा वर्षं फाटकाशी उभा होतो ती हीच. मी तोंड उघडतो आहे, तेवढ्यात मांडवाच्या कडेला आबा येऊन उभा राहिला. उघडाबंब, फक्त लंगोटी, हाताला माशाची बुळबुळ.

"मानसिंगा, किती रं मानसं? डायवर धरून?"

साहेब बघत होते. मासळीचा वास मांडवात आला.

"सोळा," मी दात आवळून म्हणालो. "जावा तिकडं."

"आन् आपन तिघं. आन् पल्याड त्यो धनगर आन् त्येची बायकू. म्हंजी एकवीस." समाधानानं मान हलवून तो गेला.

मला कळलं नाही, असं मी पुढं पुष्कळदा स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. त्यानं डोकी मोजली तेव्हाच मला कळलं. पण साहेबांनी पुन्हा विचारलं, "हं, नाव काय म्हणालास?" आणि मी तिथून हललो नाही. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, किती साचे चालवतो ते सांगितलं. साहेब मान डोलवत होते. खडकाच्या बाजूनं कोयत्याचा आवाज येत होता. टक्, टक्. मी आणखी मोठ्यानं बोलत राहिलो.

साडेबाराला रावसाहेब ताणकाटा घेऊन खडकाकडं गेले. मग त्यांची हाक आली. ती हाक ऐकून सगळेच उठले.

खडकावर करंजाच्या डहाळ्या टाकल्या होत्या आणि तीन ओळींत एकवीस वाटे मांडले होते. स्वच्छ धुतलेले, पाठीचा तुकडा, पोटाचा तुकडा, सगळ्यांत सारखा. असे वाटे आवराळात आबाशिवाय कुणालाच घालता यायचे नाहीत. मुक्ताबाई कडेला उरलेला पाला घेऊन उभी होती. आबानं हात धुतले होते. तो मोठ्या साहेबांकडं पाहून पुढं झाला आणि त्यानं हात जोडले.

"साहेब, उचला. पयला तुमचा."

रावसाहेबांच्या हातात ताणकाटा लोंबकळत होता. त्याला अडकवायला आता काही नव्हतं.

"कप गेला की हो!" एक वकीलसाहेब म्हणाले. "पंचवीस पौंड तरी असता."

"हे कुणी सांगितलं तुला करायला?" रावसाहेब ओरडले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "थेरड्या, कुणाला विचारून कापलास?"

आबा गोंधळून साहेबांच्या हातांकडं बघू लागला, आणि मग आपल्या. मासा याच हातांवर ठेवला होता की. आता काय विचारायचं उरलं होतं, ते त्याला उमजेना.

मोठे साहेब मात्र रागावले नव्हते. ते वाक्‌वाकून वाटे बघत होते. त्यांनी बोटानं ओळी मोजल्या. "थांबा रावसाहेब. एवढं निगुतीनं केलंय म्हणजे यांच्यात काहीतरी रीत असेल. विचारा तरी."

रावसाहेब माझ्याकडं वळले. सगळेच वळले. "काय रे मानसिंग? आहे का अशी काही रीत तुमच्यात?"

'व्हय' म्हणायचं होतं. एक अक्षर. साहेब हसले असते, कदाचित पहिला वाटा उचलला असता, फोटोवाल्यानं त्याचाच फोटो घेतला असता. दार उघडून माझ्यापुढं धरलं होतं.

पण डॉक्टरसाहेब नाक मुरडून म्हणाले, "म्हणजे आपण आणि ड्रायव्हर आणि तो धनगर, सगळे एका पंगतीला? कमाल आहे या लोकांची." दोघेतिघे हसले. ड्रायव्हरसुद्धा हसले. आणि 'या लोकांत' मी नाही, एवढंच मला त्या क्षणी सगळ्यांना पटवून द्यायचं होतं.

"न्हाय साहेब," मी म्हणालो. "असली काय रीत न्हाय आमच्यात."

"मग कापला कशाला?"

रावसाहेब पुढं आले. "बोल की. कशाला कापला?"

"इकायला असंल," मी म्हणालो.

मुक्ताबाईच्या हातातला पाला खाली पडला. तिनं तोंड उघडलं, पण आबानं हात आडवा केला. तो माझ्याकडं बघत होता. रागानं नव्हे. लहान पोर पाण्यात पाय घसरून पडलं की बाप बघतो तसं. मग तो साहेबांकडं वळला.

"व्हय जी," आबा म्हणाला. "इकाय कापला. चुकी झाली."

"असं होय," मोठे साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. ती रीत असती तर त्यांना आवडलं असतं, हे मला स्पष्ट दिसलं. ते पाठ फिरवून मांडवाकडं गेले.

रावसाहेबांनी आबाला पुन्हा डोहावर पाय ठेवायचा नाही अशी ताकीद दिली. सगळे वाटे घमेल्यात एकत्र केले. आचाऱ्यानं तेच तळले. मसाला मुक्ताबाईनं वाटला, ताटं मी वाढली. साहेबलोक जेवले, चांगला झालाय म्हणाले. आबा दूर वाळूत उन्हात बसला होता, पाण्याकडं तोंड करून. सदरा तिथंच खडकावर पडला होता, रक्तानं भरलेला. तो मी घरी न्यायला विसरलो नाही. तो गिरणीचा होता.

घरी जाताना आबा एकच वाक्य बोलला. "सोमवारची हजेरी बुडवू नगंस."

पहिल्या तारखेला रावसाहेबांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, फाटकसुद्धा बंद झालं. पण ते हसत होते. टेबलाभोवती जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, उभे होते, त्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "हा बघा मानसिंग. सख्ख्या बापानं चोरी केली, तर साहेबांपुढं झाकली नाही यानं. मोठ्या साहेबांनी स्वतः आठवण काढली. म्हणाले, कापडाच्या गोदामात असलाच माणूस पाहिजे." आणि पर्मनंटचा कागद माझ्या हातात दिला.

जॉबरांनी पाठ थोपटली. मी म्हणालो, "उपकार झाले साहेब." एवढंच सुचलं.

सुटीच्या दिवशी गावी गेलो. मुक्ताबाई दारात धुणं वाळत घालत होती. कागद दाखवला. तिनं ओल्या हातानं तो घेतला नाही.

"मामांचं कळलं का तुमास्नी?"

"काय?"

"भोईगल्ली बसली हुती मंगळवारी. थोरल्या संगप्पाअण्णांनी इचारलं, कोंडीबा, तू चोरी केलीस म्हनून गल्लीतलं कुनीबी क्लबाच्या कामाला नगं असं साहेबलोक सांगून गेल्यात, हे खरं का? तू इकायला मासा कापलास? आमाला पटत न्हाय, म्हनाले. तुज्या तोंडानं सांग." तिनं धुण्याचा पिळा दोरीवर टाकला. "आन् मामा म्हनाले, व्हय. इकायलाच कापला."

"तिथं कशाला असं म्हनायचं? तिथं समद्यांस्नी रीत ठावं हाय की!"

"तितं खरं बोललं तर गल्ली क्लबाकडं जानार. साहेबांस्नी सांगनार, की कोंडीबाचं पोरगं खोटं बोललं. मग तुमचं काय?" ती माझ्याकडं सरळ बघत होती. "मी उटले हुते बोलाय. मामांनी गळ्याची आन घातली मला. आता वाटं घालायचा मान संगप्पाअण्णांस्नी दिलाय. मामा कट्ट्यावर गेलं तर कुनी सरकून जागा देत न्हाय. चा देत न्हाय. वीस वर्सं ज्याच्या वाट्याला कुनी बोट लावलं न्हाय, त्यो मानूस."

आबा आत भिंतीला टेकून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं असणार. मला बघून म्हणाला, "झालास म्हनं पर्मन्ट?"

"व्हय आबा."

"लई झ्याक झालं." त्यानं कागद घेतला, उलटा-सुलटा केला, कपाळाला लावला. "मग काय. माजी चोरी कामाला आली म्हनायची." आणि तो हसला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

मुक्ताबाई दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. "संगप्पाअण्णा देवळाच्या कट्ट्यावर बसल्यात. जावा. दोन शब्द बोला. आता तर कागद हातात हाय."

आबा म्हणाला, "मुक्ता, गप."

"गप न्हाय बसनार. जावा तुमी."

मी गेलो. खरंच बोलायला गेलो. वाटेत शब्दसुद्धा जुळवले. मरीआईच्या देवळाच्या कट्ट्यावर संगप्पाअण्णा आणि चारपाच म्हातारे बसले होते. संगप्पाअण्णा पल्याडच्या कानडी मुलखातून लहानपणी आलेला, अजून निम्मं कानडीतच बोलायचा.

"बा, कुंद्रू," तो कानडीत म्हणाला. "ये, बैस रं. पर्मनंट झालास म्हनं?"

"व्हय अण्णा."

"चांगलं झालं. बापाचं काय का असंना, तू सचोटीनं वागलास. साहेबांनीबी तेच सांगून धाडलं. गल्लीचं नाव तू राखलंस." सगळ्यांनी माना हलवल्या. सरकून मला मधे जागा केली. आबाची जागा होती ती, देवळाच्या सावलीतली.

मी 'अण्णा' म्हणून सुरुवात केली. संगप्पाअण्णा माझ्या तोंडाकडं बघत थांबलासुद्धा. एवढ्यात कुणीतरी चहाची बशी माझ्या हातात दिली. चहा गरम होता. मी फुंकर घातली, प्यालो, बशी खाली ठेवली, आणि सोलापुरात खोलीचं भाडं काय पडतं यावर बोललो. मग उठलो.

घरी आलो तर मुक्ताबाईनं माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं, घागर उचलली आणि नदीकडं निघून गेली.

आबा तिथंच होता. त्यानं पाय जवळ घेऊन मला बसायला जागा केली.

"काय म्हनत हुती मंडळी?"

"काय न्हाय. चांगलं झालं म्हनली."

मग हळूच, मुक्ताबाई जवळ नाही ना हे बघून, त्यानं विचारलं, "तुला चा दिला का?"

"दिला."

"मग झालं," आबा म्हणाला.